गुळाचा रोलर

राईस मिलच्या यंत्राखालून फक्त दोन पाय दिसत होते, कोंड्यानं माखलेले.

"मिस्त्री आहेत का?" मी त्या पायांनाच विचारलं.

"पाय दिसून राहिले न? मंग असनच मी."

देवचंद मिस्त्री बाहेर आला. नाकावर ग्रीसचा ठिपका. मी हातातली लोखंडी दांडी पुढे केली.

"हे का होय?"

"रोलर... होता. उन्हानं वितळला. सरस आणि गुळाचा असतो तो. छापखान्यात खिळ्यांना, म्हणजे शिशाच्या अक्षरांना, शाई लावतो."

"गुळाचा? मंग मुंग्या लागत असतीन!"

"उंदीरसुद्धा."

तो मनापासून हसला. मला हसू येईना. चुन्नीलाल शेठच्या मुलीच्या लग्नपत्रिका शनिवारी द्यायच्या होत्या आणि नागपूरहून रोलर यायला पंधरा दिवस. बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, पत्रिका हातच्या गेल्या तर छापखाना बंद, यंत्र भंगारात. शाळा सुटल्यापासून मी त्या खिळ्यांतच वाढले होते. शिशाची ती थंड, उलटी अक्षरं बोटांना पाठ होती. ती गेली तर मी दिवसभर करू काय?

"नवा रोलर ओतायला मला साचा हवाय," मी म्हटलं. "आतून गुळगुळीत नळी."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं... आणि हसणं थांबवलं.

बुधवारी तो पितळेची नळी घेऊन आला. आतून अशी घासलेली, की डोळा लावला तर पलीकडे त्याचा डोळा चमकला! नळीला जवसाचं तेल लावलं, मधोमध दांडी उभी केली. सरस-गूळ त्यानंच चुलीवर आटवून नळीत ओतला. मी नको सांगत होते तरी जाळ वाढवत राहिला.

गुरुवारी रोलर निघाला दगडासारखा. शाई धरेना. कागदावर अर्धी अक्षरं.

"माह्यंच चुकलं," तो हळूच म्हणाला.

"पाक पाहिला होता?"

"मी का लाडू बनवून राहिलो?"

"लाडूच समजा. सरका तिकडे."

तोच रोलर तुकडे करून, थोडा गूळ आणि पाणी घालून पुन्हा वितळवला. या वेळी भांडं उकळत्या पाण्यात ठेवलं. थेंब गार पाण्यात टाकला, बोटानं दाबला. दबला, परत वर आला.

"बघा. बाळाच्या गालासारखा हवा."

त्यानंही दाबून पाहिलं. बोटाला बोट लागलं...

"कोनाच्या बाळाच्या?" त्यानं विचारलं.

मी भांड्यातच पाहत राहिले. कान मात्र तापले होते.

शुक्रवारी सकाळी रोलर यंत्रावर चढला. पहिली पत्रिका बाबांनी उजेडात धरली. रेष न् रेष स्वच्छ. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "कागद आण, पोरी. सगळा."

देवचंद दाराशी हत्यारं पिशवीत भरत होता.

"किती दिवस टिकंन?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"मंग पुढच्या उन्हाळ्यात येतो."

"इतक्या उशिरा?"

माझ्या तोंडून निघून गेलं! यंत्र नेमकं तेव्हाच थांबलेलं. बाबांनीही ऐकलं.

देवचंदनं पिशवी खाली ठेवली.

"केशोरावजी," तो बाबांना म्हणाला, "मले... एक बोलाचं होतं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसून बोला, मिस्त्री. पोरी, पाणी आण."

मी आत पळाले. गडवा भरून कधीच वाहू लागला होता, आणि मी आपली माठातून पाणी ओततच होते...