भिंगरीला दमवायची मोहीम

भिंगरीला दमवायचं, एवढ्याच कामासाठी ही मोहीम निघाली होती!

डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. तरीही कुत्री दमली नाही, तर तिला मेंढपाळाकडे परत द्यायची, असं शिवणकाम करणाऱ्या बायकोनं वेल्डर नवऱ्याला बजावलं होतं. मेंढ्या हाकायला जन्मलेली जात ती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मेंढ्या कुठून आणायच्या? मग ती पडदे हाके, उशा हाके, आणि काल तर गिऱ्हाइकाचा तयार कोट जिन्यापर्यंत हाकत नेऊन तिनं त्याची लक्तरं केली होती.

"अहो, एक खिसा तेवढा वाचलाय," बायको म्हणाली होती, "त्यातच घालून पाठवते तिला!"

जिन्यावरून चेंडू सोडायचा आणि भिंगरीनं तो तळमजल्यावर गाठून वर आणायचा, हा नवऱ्यानं लावलेला घरचा व्यायाम. घरंगळलं ते आपलं, हे तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. डोंगरावर मात्र त्यानं तिची दोरी स्वतःच्याच कमरेला करकचून बांधली. हात मोकळे राहतात म्हणे!

गवत कमरेएवढं, वारा त्यातून बोटं फिरवत चाललेला, आणि सगळ्यांच्या पुढे ती काळीपांढरी, ढगाची सावली पळावी तशी, वळून वळून दोघांना आपल्या कळपात घेणारी. खिंडीत पोचेपर्यंत नवराबायकोच्या छातीचा भाता झाला होता. भिंगरी शेपटी हलवत उभी!

"हिला चावी कोण देतं हो?" बायकोनं वैतागून पायाशी आलेला दगड लाथाडला.

दगड उतारावरून घरंगळला. टण्. टण्. टण्.

भिंगरीनं झेप घेतली!

दोरी ताणली. नवरा उताणा पडला. मुरमानं पाठ सोलली, कोपर फुटलं, आणि तो फरफटत खालच्या झुडपात आदळला. झुडूप फुरफुरलं.

रानडुक्कर!

सुळा मांडीत घुसला. रक्त उसळलं. भिंगरी डुकरावर धावली, पण दोरीनं हिसडून मागे आणली. माणूस अन् कुत्री एकाच दाव्याला!

बायको घसरतच खाली आली. कात्रीशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकत नसे, त्यावरून नवरा तिला चिडवायचा. तीच कात्री तिनं पिशवीतून उपसली. कच्चकन दोरी तुटली.

"जा! धर त्याला!"

भिंगरीनं डुकराचा कान धरला. त्यानं तिला बुंध्यावर आपटलं. तिनं सोडला नाही. सुळ्यानं तिची कूस फाडली. तिनं सोडला नाही! बायकोनं दोन्ही हातांनी धोंडा उचलला आणि डुकराच्या थोबाडावर घातला. हाड वाजलं. कान फाटून भिंगरीच्या तोंडात राहिला, आणि जनावर किंचाळत, झुडपं मोडत पळालं.

"तळं... ते बघ, खालीच दिसतंय," नवरा कण्हत म्हणाला.

"आग लागो तुमच्या तळ्याला!"

तिनं ओढणी फाडली. अर्धी नवऱ्याच्या मांडीला, अर्धी कुत्रीच्या कुशीला. भिंगरीला खांद्यावर घेतलं, नवऱ्याच्या हाती काठी दिली, आणि आल्या वाटेनं माघारी फिरली.

जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले. "जखम भरतेय. आता तिच्या मनानं घेतलं पाहिजे," तो म्हणाला.

पण तिचं मन उभारी घेईना. मशीन खडखडे, पडदे हलत, ती डोळाही उघडत नसे. हवी होती तीच शांतता घरात येऊन बसली होती आणि बायकोला ती खायला उठली होती.

एका सकाळी तिनं मशीन थांबवलं. "अहो, दार उघडा. चेंडू कुठाय?"

"खालचे बोंबलतील गं."

"बोंबलू देत!"

चेंडू जिन्यावरून सुटला. टप्. टप्. टप्. भिंगरीचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. लटपटत ती उठली, उंबऱ्यापर्यंत आली, खाली डोकावली. आणि मान वळवून बायकोकडे बघत भुंकली.

बायको डोळे पुसत तीन मजले उतरली, धापा टाकत चेंडू घेऊन वर आली. भिंगरीनं तो हुंगला आणि नाकानं पुन्हा खाली ढकलला.

"बघा हो, मलाच हाकतेय!" म्हणेपर्यंत बायको निम्मा जिना उतरलीसुद्धा होती.