आंबट पिंप

स्कूटी बंद पडली ती नेमकी दुर्गच्या रस्त्यावर, बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यासमोर. स्टील प्लांटच्या लॅबमधली सकाळची शिफ्ट करून मी अर्धमेली झाले होते. आईला फोनवर म्हटलं, "येऊन राहिली ना, माय..." आणि मागून कुणीतरी हसलं.

"मराठी? इकडे? मग आधी पाणी प्या."

तो शुभंकर. तिथली सगळी बिअर तो एकटाच बनवायचा. पाण्यानंतर त्यानं घोटभर बिअर पुढे केली. सकाळपासून चाखून चाखून त्याची जीभच मेली होती म्हणे. मी नुसती जिभेला लावली.

"बासीचं पाणी हाय हे."

त्याचे दमलेले डोळे असे काही खुलले, की मीच नजर वळवली. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या बासी भातासारखीच ती बिअर आपली आपण आंबली होती. यीस्ट न घालता एक रात्र उघडी ठेवलेली, मग लाकडी पिंपात मुरलेली. नुसती पिववत नव्हती, म्हणून तो तिच्यात गोडसर काळी बिअर मिसळून पाहत होता.

मग शिफ्ट सुटली की माझी स्कूटी तिकडेच वळू लागली. तो मिसळायचा, मी तोंड वाकडं करायची, तो पुन्हा मिसळायचा. दोघंही इतकी थकलेली, की गप्प बसणंही गोड वाटायचं. बाबांना मात्र दारू गाळणारा जावई सात जन्मात चालला नसता.

ऑगस्टमधल्या एका उकाड्याच्या दुपारी तो म्हणाला, बंगळूरला नोकरी लागली, सोमवारी निघतो. मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"अन् हे पिंप?"

"ग्लासात मिसळून विकून टाकतो, दिपाली. काळी बिअर पिंपातच ओतली, तर आंबटवाली तिचा गोडवा खात बसते. दिवाळीपर्यंत राखण करा लागते."

"मग पिंपातच ओता ना..."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग मले जाता नाही येणार."

"म्हणूनच तर म्हणून राहिली मी." मी बोलूनच टाकलं. "तुम्ही आवडता मले. लय थकली हो मी — पण तुमच्याजवळ बसलं का बरं वाटते."

 त्यानं हळूच विचारलं, "अन् तुमचे बाबा?"

"त्यांच्याशी बोलाले मलेही दिवाळीच लागन."

त्यानं पिंपाचं बूच काढलं. नरसाळं मी धरलं.