गोरखच्या गाडीची नक्कल

ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने इथेच वाचणं थांबवावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

हे माझ्या सख्ख्या चुलत भावाच्या, कुंदनच्या बाबतीत घडलंय. गेल्या एप्रिलात. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे त्याची शेड आहे, तिथे.

आणि रात्री-बित्री नाही. भर दुपारी.

भुतं फक्त अंधारात येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रविवारी दुपारी त्या बाजारात जाऊन उभं राहावं. क्रेन बंद. ट्रक बंद. वरचे पत्रे उन्हाने तडतडतात आणि औषधालाही माणूस दिसत नाही.

कुंदनचं काम जरा वेगळं आहे. तो जुन्या रेसच्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करतो. मोडलेल्या असतील तर जोडतो, आणि उरलेल्याच नसतील तर हुबेहूब नवीन बनवतो. त्यातही मातीच्या गोल ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्या. या गाड्यांना पुढचा ब्रेकच नसतो. सगळी वळणं डावीकडे. वळणावर गाडी आडवी घालायची आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा. म्हणून डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधतात.

आमच्याकडेही असल्या रेस व्हायच्या. भात निघालं की गव्हाणच्या बाजूची खाचरं कडक होत. मधले बांध मोडून गोल ट्रॅक आखत. गावंच्या गावं लोटायची बघायला.

तिथला राजा होता गोरख. आणि त्याची गाडी बनवली होती माझ्या काकाने, म्हणजे कुंदनच्या वडिलांनी. बाळू मिस्त्री.

एका उन्हाळ्यात शेवटच्या वळणावर गोरखच्या गाडीचे दोन तुकडे झाले. हँडलखाली जिथे फ्रेमची मान असते, तिथेच. गोरख जागच्या जागी गेला.

सगळ्यांनी एकच ठरवून टाकलं. मिस्त्रीची वेल्डिंग कच्ची होती.

कुणी विचारलं नाही. कुणी तपासलं नाही. काका सांगत राहिला, "माझा टाका तुटायचा नाही." कोण ऐकतंय! त्यानंतर त्याने वेल्डिंगला हात लावला नाही. वॉचमनकी केली आणि मान खाली घालून मेला. कुंदनला शाळेत पोरं 'खुन्याचा पोरगा' म्हणायची. मी स्वतः त्यातल्या दोघांची डोकी फोडली आहेत. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

तर गेल्या वर्षी धर्मराजशेठ कुंदनकडे आला.

हा पूर्वी गोरखबरोबर रेस मारायचा. कायम दुसरा यायचा. आता पळस्प्याला बंगला, मातीभरावाचे डंपर, गळ्यात बोटभर जाड चेन. म्हणाला, "गोरखच्या नावाने रेस भरवतोय. त्याची गाडी हुबेहूब बनव. माझा कल्पेश चालवेल. तुझ्या बापाचंही नाव निघेल."

निघेल म्हणे! कुठल्या अर्थाने, ते नाही बोलला.

त्याने चार जुने फोटो दिले. पण कुंदन फोटोवरून काम करणाऱ्यातला नाही. तो गव्हाणला गेला, गोरखच्या आईकडे. ठमाबाईकडे. मोडकी गाडी तिने अजून पडवीत ठेवली होती.

म्हातारी त्याला बघून उठलीसुद्धा नाही.

"तू मिस्त्र्याचा पोर ना? तुज्या बापानं माजा सोन्यासारखा पोर खाल्ला. आता काय न्यायला आलास?"

"फ्रेम हवीय, आजी. माप घेऊन परत आणून देतो."

"ने. परत आनू नको." मग तिने तोंड फिरवलं. "दुपारचा डोला लागत नाय मला. पाय घासत फिरतं कोन तरी..."

कुंदनने ते मनावर घेतलं नाही. एवढ्या वर्षांचं दुःख, माणूस काहीही बोलतं.

शेडमध्ये आणून त्याने दोन्ही तुकडे ठोकळ्यांवर मांडले. कुंदनचा एक नियम आहे. नक्कल करायची तर चुकांसकट. जुन्या कारागिराने भोक वाकडं पाडलं असेल तर आपणही वाकडंच पाडायचं. सुधारायला गेलात तर ती त्याची गाडी राहत नाही.

मानेखालच्या नळीला, तुटल्या जागीच, खालच्या बाजूने, टाकीआड लपलेली एक बारीक खाच होती. नळीच्या अर्ध्यापर्यंत सरळ. पुढचं लोखंड फाटलेलं. सगळ्यावर गंज आणि ग्रीस.

कुंदन विचारात पडला. पण वळणावर फ्रेमने थोडं लवावं म्हणून काही कारागीर मुद्दाम असलं काहीतरी करायचे, हे त्याने ऐकलं होतं. अण्णांनी, म्हणजे बापाने, केलंय तर काहीतरी विचार करूनच केलं असणार. बापाने हात लावलेलं सगळं बरोबरच, असंच त्याने लहानपणापासून धरलं होतं. सगळं गाव उलटं बोलत असताना पोराने दुसरं काय करायचं?

नवी फ्रेम तयार झाली. फक्त ती खाच राहिली.

तो रविवार होता. जेवून आला, शटर अर्धं ओढलं आणि करवत घेऊन बसला.

बाहेर एक कुत्रा भुंकत होता. तो मध्येच गप्प झाला.

मग पत्र्यांचं तडतडणं थांबलं...

कुंदन करवत चालवत राहिला. खसक्... खसक्... खाच अर्ध्यापर्यंत आली. त्याने हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

खसक्... खसक्...

करवत त्याच्या हातात. हात मांडीवर. आणि लोखंड कापल्याचा आवाज चालूच.

त्याच्या मागून येत होता. जिथे जुनी फ्रेम ठेवली होती तिथून.

त्याला मान वळवता येईना. शेवटी त्याने स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली आणि वळला.

कुणी नव्हतं.

आवाज बंद झाला होता.

पण जुन्या फ्रेमच्या खाली, फरशीवर, लोखंडाचा कीस पडला होता. ताजा. चकचकीत. एवढ्या जुन्या गंजलेल्या नळीतून!

तो गुडघ्यावर बसला. खाचेवरचा गंज उडाला होता, ग्रीस निघालं होतं. पहिल्यांदाच ती नीट दिसत होती.

आधी काकाचा निळा रंग, फवाऱ्याने मारलेला. त्या रंगावरून करवत फिरलेली. कापावर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली. आणि लांबीवर पुन्हा निळा, पण दुसराच, ब्रशने घाईघाईत फासलेला.

गाडी तयार होऊन रंगून गेल्यावर कुणीतरी मान अर्धी कापली होती. आणि वरून झाकली होती.

काकाचा टाका? तो शेजारीच होता. त्याला तडासुद्धा गेला नव्हता.

कुंदनने मला फोन केला तेव्हा आधी नुसते हुंदकेच ऐकू आले. मग तो ओरडायलाच लागला. "ताई, त्यांनी अण्णांना मारलं गं! जिवंतपणी मारलं सगळ्यांनी मिळून! आणि मी गाढव, ती खाचसुद्धा अण्णांचीच समजलो. स्वतःच्या हाताने पुन्हा कापली!" मागे काहीतरी धाडधाड आपटत होतं. तो डबे लाथाडत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण तो हरामखोर, एवढंच मला हवं होतं.

ते आठ दिवसांत कळलं.

धर्मराजशेठ कल्पेशला घेऊन गाडी बघायला आला. कुंदनने टाकी बसवली होती, खाच आत झाकली गेली होती. गव्हाणहून फ्रेम आणल्याचं त्याने अवाक्षर काढलं नाही. दुपारच होती.

"वा! डिट्टो रे!" शेठ खूश. त्याने हँडल चाचपलं, सीटवर थाप मारली. कल्पेश फोटो काढत होता.

मग शेठचा हात टाकीखाली गेला.

तो बघतही नव्हता. तोंडाने इंजिनाबद्दल बोलत होता. अंगठा मानेखालून सरकत बरोबर त्या खाचेवर गेला... आणि थांबला.

बोलणंही थांबलं.

"हे... हे काय आहे?" शेठने हात मागे घेतला.

"नक्कल आहे, शेठ. मूळ गाडीत होतं तसंच केलंय." कुंदनचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना. "तुम्हाला कसं माहीत, नेमकं कुठे हात घालायचा ते?"

"फोटोत तर नव्हतं..."

"फोटोत कसं असेल? लांबी भरली होती ना तुम्ही."

शेठ एक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात शेडच्या त्या टोकाला...

खर्रर्र...

लोखंड फरशीवर घासलं. थांबलं. पुन्हा घासलं. गोल फिरत, डावीकडे वळत, जवळ येत.

कुंदनने ऐकलं. शेठनेही ऐकलं, कारण त्याने आपला डावा पाय झटकन उचलून घेतला.

"काय झालं पप्पा?" कल्पेशला काहीच ऐकू येत नव्हतं.

"चल. घरी चल आधी."

"गव्हाणला चला!" कुंदन ओरडला. "ठमाबाईसमोर उभे राहा आणि सांगा, कुणी कापलं ते! माझा बाप चोरासारखा जगला तुमच्यामुळे!"

"पुरावा काय तुझ्याकडे?" शेठ शटरखालून वाकत म्हणाला. निर्लज्ज मेला! तेवढं विचारायला त्याची जीभ चालली.

ते गेले. फरशीवर गाडीभोवती एक गोल ओरखडा उमटला होता. तो आजही आहे, मी स्वतः पाहिलाय.

पोलिसांत जाऊन काय सांगणार होतो? आम्ही जुनी फ्रेम टेम्पोत घातली आणि गव्हाणला गेलो. ठमाबाईला दिसतं कमी. कुंदनने तिचं बोट धरून त्या कापावरून फिरवलं. कुठे तुटलं, कुठे कापलं, आणि शेठचा हात कुठे गेला, सगळं सांगितलं.

तिने बोट पुन्हा एकदा त्या कापावरून नेलं. मग काठी घेऊन उठली आणि नाक्यावर गेली. रिक्षावाले, मासळीवाल्या, पत्ते खेळणारे म्हातारे, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"आयका रं सगली! बालू मिस्त्र्यानं माज्या गोरखला मारला नाय! चालीस वरसं मी त्याला शिव्या घातल्या. खोट्या घातल्या! ज्यानं मारला तो पलस्प्याला बंगल्यात ऱ्हातो!"

पत्ते खेळणाऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यातल्या दोघांना मी ओळखत होते. आमच्या दारासमोरून जाताना थुंकायचे. मी त्यांच्याकडे इतकं बघितलं, इतकं बघितलं, की शेवटी एकजण उठून निघून गेला.

मला वाटलं, आता संपलं.

रेस रद्द झाली. कुंदनने नव्या गाडीतली खाच वेल्डिंग करून बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उघडी होती. खाली कीस. त्याने पुन्हा बंद केली... पुन्हा उघडी.

मग एक दिवस टाका तसाच राहिला. त्यानंतर शेडमध्ये ना पाय वाजला, ना करवत. कुंदन शांत झोपू लागला.

तेवढ्यात कल्पेशचा फोन आला. मी तिथेच बसले होते, स्पीकर चालू होता.

"कुंदनदादा, पप्पा तुमच्याकडून आल्यापासून काही बोलत नाहीत. फक्त दुपारी विचारतात, घरात करवत कोण चालवतंय? आमच्याकडे करवतच नाही हो." तो ओशाळून हसला. "आणि आज ना... आमच्या लोखंडी जिन्याखाली कीस सापडला. चकचकीत. हा कसला प्रकार असेल?"

कुंदनने फोन हातात उचलला.

मी खुणेने सांगत होते, बोल. त्याला सांग, जिना वापरू नको म्हणावं. त्या पोराने काय वाकडं केलंय आपलं?

"वडिलांना विचार," कुंदन म्हणाला, आणि फोन ठेवला.

"अरे, सांगायचंस ना!" मी भडकले त्याच्यावर.

त्याने माझ्याकडे बघितलं. "माझ्या बापाला कुणी सांगितलं होतं, ताई?"

मला राग आला. खूप आला. पण कल्पेशचा नंबर मीही कुंदनच्या फोनवरून उतरवून घेतला होता, आणि मी तो लावला नाही. त्याच दिवशी नाही, आणि दुसऱ्याही दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी लावला.

रिंग वाजत राहिली. अजूनही मी रोज लावते. कुणी उचलत नाही.