निळे मणी

“पोलीस नकोत, वहिनी! संध्याकाळी सरकारी तपासनीस पाकीट बघायला येतील, त्याआधी चिप्स मिळाल्या पाहिजेत. नाहीतर माझा कारखाना काळ्या यादीत आणि ही बाई तुरुंगात.”

मालकांचं बोट भांडार सांभाळणाऱ्या मावशींवर रोखलेलं होतं. मावशी किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून कपाटापाशी उभ्या होत्या.

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळं शहर वहिनीच म्हणे. सोबत फिरणारा धाकटा दीर तशी हाक मारायचा, तीच रूढ झाली. भावोजींना ऐकू कमी येई आणि डोक्यात उजेडही उशिरा पडे. कानातलं जुनं यंत्र मधूनच शिट्टी मारी. “या वयात शिट्ट्या?” वहिनी म्हणत.

कारखाना कानाच्या यंत्रांचाच होता. नवं यंत्र गोंगाटातून एकच बारीक आवाज वेचून घेई, जशी आई गर्दीत आपल्या लेकराचं रडणं ओळखते. करामत सगळी त्या चिपची. पण जी चिप माणसाची कुजबुज वेचते, तीच समुद्राखालून चाललेल्या पाणबुडीची धडधडही वेचते. म्हणून दोन बलाढ्य देशांच्या चढाओढीत तिच्या विक्रीवर बंदी आली. खूप खेटे घातल्यावर मालकांना चिप्सचं एक हवाबंद पाकीट मिळालं होतं, तेही हमी लिहून देऊन: चिप्स कानाच्या यंत्रांतच बसतील, दुसऱ्या कुणाला विकल्या जाणार नाहीत.

“झुंजायचं दोन रेड्यांनी,” वहिनी म्हणाल्या, “आणि तुडवायचा वाफा आपला. बरं, सांगा.”

“काल पाकीट आलं. आज सकाळी कपाट उघडलं, तर पाकीट चिरलेलं आणि आत एकही चिप नाही. कुलूप शाबूत. एक किल्ली हिच्याकडे, दुसरी माझ्या घरी खुंटीवर.”

“घरी कोण कोण?”

“मी आणि धाकटी बहीण. इथलं जोडकाम तीच बघते.”

मावशींना कंठ फुटला. “मी पाकीट आलं तसं ठेवलं हो! बोटीवरच कुणी मागून चिरलं असेल. किती दिवस समुद्रावर होतं ते.”

वहिनींनी पाकीट उलटं केलं. दमटपणा शोषणाऱ्या मण्यांची पारदर्शक पुडी बाहेर पडली. निळेशार मणी, मोरपिसातून सांडल्यासारखे. बाहेर दाट धुकं होतं, खिडकीची काच घामेजली होती. वहिनींनी पुडी तिथेच ठेवली.

“हात लावू नका कुणी.”

“रंग छान आहे,” भावोजी म्हणाले.

“छान आहे, पण मावशींच्या विरुद्ध आहे. पाकीट बोटीवर चिरलं असतं, तर हे मणी दमट हवा पिऊन केव्हाच गुलाबी झाले असते. पाकीट इथेच फुटलंय. तेही आजच.”

मावशी जुडग्यातल्या किल्ल्या पुन्हा पुन्हा चाचपू लागल्या. बिचारीच्या गळ्यातला फास वहिनींनीच आवळला, असं भावोजींना वाटलं.

इतक्यात मालकांचा फोन वाजला. “हो, हो... खोल पाण्यात? चालेल की. खाऱ्यासुद्धा. उद्या कळवतो.” फोन खिशात टाकत ते कसनुसं हसले. “खेळणीवाला. किरकोळ गिऱ्हाईक.”

“पाण्यातली बदकं करत असेल,” भावोजींनी समजूतदारपणे मान डोलावली.

जोडकामाच्या खोलीत मालकांची बहीण होती. मागच्या फळीवर यंत्रांच्या रांगा, झाकणं लावून ठेवलेल्या.

“सगळं जोडून तयार आहे, फक्त चिपची जागा रिकामी,” ती म्हणाली. “म्हणून इथलं काम कधीचं बंद.”

तिने चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. उजव्या बोटांवर ताजे फोड होते. “सकाळी दूध उतू गेलं,” न विचारताच तिने सांगितलं.

गारठलेले हात भावोजींनी कोपऱ्यातल्या, चिप्स जोडायच्या सोल्डरिंगच्या भट्टीवर टेकवले. “वा! मस्त कोमट आहे.”

वहिनींचा कप ओठांपाशीच थांबला.

“मावशींनी चोरी केली असेल?” त्यांनी विचारलं.

“छे! त्या असं कधीच करणार नाहीत.”

“मग हे दादांना का नाही सांगितलंत?”

बहीण फोडांवर फुंकर घालत राहिली.

दिवस कलायला आला तेव्हा वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. फळीवरचं एक यंत्र उचललं, भावोजींचं जुनं काढून ते नवं कानात बसवलं.

“काय ऐकू येतं?”

भावोजी दचकले. शिट्टी नव्हती. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, सगळं ओहोटीसारखं मागे सरलं, आणि खोलीच्या त्या टोकाकडून एक दाबलेला हुंदका आला.

“मावशी रडताहेत,” ते हळूच म्हणाले.

“चिप नसलेल्या यंत्राला बरं ऐकू आलं!” वहिनी वळल्या. “चोर चिप घेऊन पळतो, भट्टी पेटवत बसत नाही. काम बंद, तरी भट्टी कोमट. म्हणजे चिप्स यंत्रांत जोडल्या गेल्या. एकदा जोडलेली चिप नवी म्हणून विकता येत नाही. ती विकली जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं. खुंटीवरची किल्ली कुणाच्या हाताशी? बोटं कुणाची भाजली?”

“पण विकणार होतं कोण?” भावोजींनी विचारलं.

“तुमची बदकं, भावोजी! कुठलं खेळणं खोल, खाऱ्या पाण्यात उतरतं? तपासणी उरकली की पाकीट पाणबुड्या शोधणाऱ्यांकडे जायचं होतं. म्हणून तर मालकांना पोलीस नको होते.”

मालक भिंतीला टेकले. “बंदी अजून आवळली तर कारखाना कशावर चालवू? म्हटलं, एकदाच...”

“परवा तुझं बोलणं ऐकलं, दादा,” बहीण म्हणाली. “सांगितलं असतं तर तू आत गेला असतास. गप्प बसले असते तर कुठली तरी पाणबुडी बुडाली असती. तिच्यातही कुणाकुणाचे दादाच असतात ना रे?”

भावोजींच्या नव्या कानात तो ‘रे’ फार वेळ घुमत राहिला.

“हमी पाळली गेली,” वहिनी म्हणाल्या. “चिप्स जिथे बसायच्या तिथे बसल्या. चोरी झालीच नाही, होणार होती ती टळली. खेळणीवाल्याचं नाव मात्र तपासनिसांना तुम्हीच सांगायचं, मालक. नाहीतर मी आहेच.” मग त्या बहिणीकडे वळल्या. “आणि तुम्ही! भावाला झाकायला दिवसभर दुसरीला सुळावर चढवून ठेवलंत. हे कुठल्या भट्टीत जोडणार?”

बहिणीची मान खाली गेली. खिशातली दुसरी किल्ली तिने मावशींपुढे धरली. “चुकलं माझं, मावशी.”

मावशींनी डोळे पुसले. किल्ली घेऊन आपल्या जुडग्यात ओवली.

“यापुढे कपाट उघडायचं तर मला विचारायचं,” त्या म्हणाल्या. “मालकांनीसुद्धा.”

त्या भांडाराकडे निघाल्या. तिथल्या खिडकीतले मणी एव्हाना फिकट गुलाबी झाले होते. भावोजी डोळे मिटून ऐकत होते: बोळाच्या पार टोकापर्यंत किल्ल्या किणकिणत गेल्या, आणि त्यांत नवी कोणती तेही कळत होतं.