चौथा वाटा

त्या सकाळचं मला खरोखर किती आठवतं आणि किती मी नंतर माझ्या भीतीने भरून काढलं, हे आता सांगता येत नाही. मी आयुष्यभर गोड्या पाण्यातल्या माशांविषयी शिकवलं. डोळ्यांना एकदाच दिसलेल्या गोष्टीवर विसंबू नका, असं मुलांना बजावत असे. तेव्हा तुम्हीही माझ्यावर फार विसंबू नका.

चिंचोटीच्या पलीकडे डोंगराच्या पोटात एक मोठा तलाव आहे. फाल्गुनाच्या अखेरीस त्याचं पाणी उतरू लागतं. उथळ पाणी लवकर तापतं आणि वारा पडलेला असला की कटला मासा पहाटे काठाशी येतो. काशीरामच्या शेततळ्याचं पाणी मी एकदा तपासून दिलं होतं. त्या ओळखीवर त्याने मासे धरायला बोलावलं. माझा मुलगा कौस्तुभ उत्साहात निघाला. एव्हरशाईनमधल्या आमच्या सोसायटीतून गाडी बाहेर पडेपर्यंत मी त्याला दोनदा विचारलं, नीट पोहता येतं ना?

"बाबा, तुम्ही मला बादलीतसुद्धा लाइफजॅकेट घालून बसवलं असतं."

तलावावर उजाडत होतं, पण धुकं दाट होतं. चिखलाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येत होता. पाणी उतरल्यामुळे बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर आले होते. काशीराम आणि कौस्तुभ ट्रकच्या टायरच्या ट्यूबांवर बसले आणि हातांनी पाणी मारत, आदल्या संध्याकाळी लावलेल्या दोन जाळ्यांपैकी एक काढायला निघाले. चप्... चप्... आवाज लांब गेला.

काशीरामची बायको कमळी डोक्यावरून पदर ओढून काठावर बसली होती. त्यांच्याकडची रीत तिने मला सांगितली. पाण्यावरून परतलेल्याने ओला तळवा तिच्यापुढे धरायचा. ती त्यावर पहिला मासा ठेवणार, मग त्याचा वाटा जमिनीवर मांडणार. सगळ्यांत आधी मात्र एक वाटा जाळ्याचा. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. परक्या माणसाची भीड असेल, असं मला वाटलं.

मध्येच धुकं जरा विरळ झालं. खुंटांपाशी मला तीन ट्यूब दिसल्या. तिन्हींवर माणसं होती. मी चष्मा पुसून पुन्हा लावला, तोवर सगळं पांढरं झालं होतं. मोतीबिंदू तेव्हा नुकताच सुरू झाला होता. मी डोळ्यांनाच दोष दिला.

परत आले ते दोघेच. माझा जीव भांड्यात पडला. कमळीपुढे तळवे धरून झाल्यावर कौस्तुभ मासे मोजत ओरडत होता, काशीराम जाळं ओढत होता आणि मी वाकून पाण्यातला थर्मामीटर काढत होतो. वर पाहिलं, तर कमळीने चौथा वाटा मांडून संपवला होता.

"काकू, चार कशाला?" कौस्तुभ हसला. "बाबा पाण्यात उतरले पण नाहीत."

"त्यांचा नाय. तिघं आलात ना? जाल्याचा एक नि तिघांचे तीन."

काशीरामचा चेहरा उतरला. त्याने वाट्यांकडे पाहिलंच नाही, तो बायकोच्या हातांकडे बघत राहिला.

"दुसरं जालं ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "आता पान्यात कोनी जायाचं नाय."

"काका, ते खुंटांपाशीच तर आहे! मी एकटा आणतो." कौस्तुभ ट्यूब पाण्यात ढकलून वर बसलासुद्धा.

"कौस्तुभ... मीही तिघे पाहिले."

"बाबा, तुम्हाला घड्याळात काटे तरी नीट दिसतात का?"

त्याचं बरोबर होतं. मला खात्री नव्हती, आजही त्या दृश्याची नाही. पण मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह पिळून काढला. फुस्स करून हवा सुटली. कौस्तुभ चिखलात बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसं कुणी वेड्या झालेल्या बापाकडे बघेल.

काशीरामने चौथा वाटा उचलून पाण्यात सोडला. हवेचा आवाज थांबला. मग धुक्यातून, अगदी जवळून, सावकाश... चप्... चप्... कुणीतरी खुंटांकडे निघून गेलं.

"पाणकोंबडी," कौस्तुभ म्हणाला. पुढे कित्येक वर्षं जेवणाच्या टेबलावर तो ही गोष्ट पाहुण्यांना हसत सांगायचा, आणि मीही हसायचो. म्हाताऱ्या डोळ्यांचा खेळ, आणि कमळीचीही मोजताना चूक झाली असेल.

गेल्या वर्षी कमळी वारली. मी भेटायला गेलो तेव्हा तिची सून निधी चहा घेऊन आली. बोलता बोलता मी विचारलं, आईंची नजर शेवटपर्यंत चांगली होती ना?

"नजर?" निधी म्हणाली. "तुम्ही तलावावर आलात ना, त्याच्या आधीच दोन्ही डोळे गेले होते त्यांचे. परक्यांना कळू द्यायच्या नाहीत. वाटे मात्र त्यांनीच मांडायचे, हातांवरून. तळव्याला तळवा लागल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा वाटा मांडला नाही."