चार नंबरची झडप

कडेगावच्या त्या खासगी दवाखान्यात मी एसीच्या दुरुस्तीला आठवड्यात तिसऱ्यांदा आलो होतो. सांगलीहून एवढ्या लांब, आणि तक्रार तीच. चार नंबरची खोली रिकामी, तिथली हवा बंद हवी, पण छतातल्या हवेच्या मार्गावरची झडप आपोआप उघडते.

"दादा, तुमी गेलात की तासाभरात उघडती," संयोगिता सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी दोनदा नीट करून गेलोय."

"मग मी खोटं बोलतीया व्हय?"

मी शिडी लावून छताच्या पोकळीत चढलो. भर दुपार होती, तरी आत अंधार आणि ओल्या पत्र्याचा वास. यंत्र साधंच. दाबाची हवा पिस्टनला ढकलते, पिस्टन दांडी ढकलतो, झडप उघडते. हवा काढली की स्प्रिंग ती बंद करते. मी स्प्रिंग ताणली, स्क्रू आवळला. झडप खटकन मिटली. हात पुसेपर्यंत ती पुन्हा उघडली.

माझं डोकंच फिरलं. मी दाबाच्या हवेची नळीच उपसून काढली. आता उघडायला काही कारणच उरलं नव्हतं.

दांडी हळूच वर गेली. थांबली. खाली आली. पुन्हा वर... पुन्हा खाली. मी बॅटरी धरून बघत राहिलो. मग ध्यानात आलं, की माझाही श्वास त्याच चालीनं चालला होता.

भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला. मी तार काढली आणि दांडी करकचून बांधून टाकली.

दांडीचा आवाज बंद झाला. सगळंच एकदम शांत झालं.

आणि खालून नाथाजींची हाक आली. म्हसवडचे नाथाजी शेजारच्या तीन नंबरमध्ये आपल्या आजारी बायकोपाशी, भामाबाईंपाशी बसलेले असायचे.

"सिस्टर... हिचा श्वास अडकलाय. आवं, कुणीतरी या..."

धावपळ ऐकू आली. ऑक्सिजन चालू होता, डॉक्टरही आले, पण श्वास काही येईना. तेवढ्यात शिडीवर सिस्टरांचं तोंड दिसलं, पांढरंफटक.

"दादा... वर काय केलंत तुमी?"

मी पकडीनं तार तोडली. दांडी उचलली गेली, आणि खाली भामाबाईंना जोराचा ठसका लागला.

मी खाली उतरलो तेव्हा त्या डोळे उघडून भिंतीकडे बघत होत्या, चार नंबरच्या बाजूला. नाथाजींनी त्यांचा हात धरला होता.

"त्याला बांधू नका," त्या पुटपुटल्या. "मी त्याच्या संगं श्वास घेतीया..."

कोणाच्या, हे कुणी विचारलं नाही. मीही रिपोर्टवर 'दुरुस्ती झाली नाही' एवढंच लिहून निघालो.

दहा दिवसांनी भामाबाई चालत घरी गेल्या. काल सिस्टरांचा फोन आला. भामाबाई घरी गेल्या त्या दिवसापासून चार नंबरची झडप थांबलीय म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

"मग आता काही तक्रार नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"आठ नंबरची हलायला लागलीया. खोली मोकळीच हाय, दादा... पण ती लय भराभर हलती. तान्ह्या बाळाच्या श्वासागत."