सलून डब्याचा निळा

वही पेटीत नव्हती.

जयवंताने पेटी पुन्हा उपसली. ब्रश, पाणकागदाचे तुकडे, जवसाच्या तेलाची चिकट बाटली. तळाशी काळ्या कापडात गुंडाळलेली फळी. वही तेवढी नाही.

गोपाळरावांना जाऊन बावीस दिवस झाले होते. रेल्वेच्या रंगखात्यातून निवृत्त झाल्यावर सात वर्षं त्यांनी एकच काम केलं. छोट्या लाईनीच्या जुन्या डब्यांच्या हातभर लांबीच्या लाकडी प्रतिकृती करायच्या, आणि प्रत्येकीला तिच्या काळचा रंग द्यायचा. शेवटचा, १९२८ सालचा, साहेबांच्या दौऱ्यांसाठीचा खास सलून डबा, अजून नुसत्या करड्या अस्तरात टेबलावर उभा होता. रामदासपेठेतलं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. ‘डबा निळा होता’ एवढंच बाबांनी तिला सांगितलं होतं. कसा निळा, कशात काय किती, ते सगळं वहीत.

तिने कापड सोडलं. फळी भंगारात निघालेल्या मूळ डब्याच्या दाराची. बाबांनी पाणकागदाने घासून तिच्यावरचे रंगांचे थर रुपयाएवढ्या जागेत उघडे केले होते, खोडातल्या वर्तुळांसारखे. सगळ्यात आतलं वर्तुळ १९२८चं.

ते हिरवं होतं.

जयवंताने फळी दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली. म्हणजे बाबा एका चुकीच्या रंगामागे धावले होते?

“आई, बाबांच्या खोलीत कोण कोण येऊन गेलं?”

“रुपराव भावजी रोजच येत होते. रंगवाले ताराचंदजी. अन् प्रदर्शनाचे मनोहरराव. बाकी बाया माझ्याजवळ बसल्या.”

फळीचा रंग पाहिल्याचं तिने आईलाही सांगितलं नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सकाळी ती इतवारीत गेली. ताराचंद हातगाड्यांच्या गर्दीतून आलेल्या गिऱ्हाइकाला टर्पेंटाईन मोजून देत होते.

“वही मी काय करू, बाईजी? तिच्यात लिहिलेला माल माझ्याच दुकानातला.”

“फळी पाहिली होती?”

“कितीदा! इथे काउंटरवर ठेवून रंग जुळवायचे. माझे तीन डबे बरबाद केले, तेव्हा कुठे म्हणाले, हां, अब आया.”

“कोणता रंग?”

“निळा. आसमानीहून गहिरा.”

“नक्की?”

“मी रंगवाला आहे, बाईजी. भांडेवाला समोर बसतो.”

रुपराव बाबांच्या हाताखाली वीस वर्षं रंगारी होते. तिचा प्रश्न ऐकताच त्यांचा चेहरा पडला.

“मले काहून विचारून राहिली वं? चोर वाटलो का मी तुले?”

“सगळ्यांनाच विचारते आहे, काका. फळीचा रंग कोणता होता?”

“निळा. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर दाखवला भाऊनं. वहिनीच्या पापडाच्या बाजूले ठेवली होती फळी. वहिनी म्हणे, पापड भाजा अन् फळी तळा!” ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

रामदासपेठेत, प्रदर्शनाच्या खोलीत, मनोहररावांनी तिला खुर्ची दिली. टेबलावर नव्या पुस्तिकांचे गठ्ठे होते.

“वही? नाही हो, जयवंताताई. मला त्यांनी कधी काही दाखवलंच नाही. ना वही, ना फळी. म्हणायचे, प्रदर्शनातच बघा.”

“डब्याचा रंग?”

“हिरवा. पुस्तिकेत तसाच छापलाय, पाचशे प्रती. गोपाळराव थोर कारागीर, पण हट्टी. वही नसली म्हणून काय बिघडलं? आतलं वर्तुळ हिरवंच तर आहे. डबा पाठवून द्या, आमचा पेंटर रंगवेल.”

परतताना ती सायकलरिक्षात बसली. काहीतरी टोचत होतं. चोराने वही नेली. मग फळी का ठेवली?

घरी येऊन ती थेट गच्चीवर गेली. लहानपणी पापडांवरचे कावळे हाकलायला ती इथेच बसायची. पापडांच्या ओळीशेजारी बाबांच्या फळ्या असत. तिला ते तेव्हा वेड वाटायचं.

तिने फळी उन्हात ठेवली. वर्तुळाच्या अर्ध्या भागावर काळं कापड घट्ट बांधलं. एप्रिलचं ऊन होतं. दिवसातून दहा वेळा ती जिना चढायची, पण कापडाला हात लावायची नाही.

नवव्या दिवशी तिने रुपराव आणि ताराचंद यांना मनोहररावांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर फळी ठेवली आणि कापड सोडलं.

वर्तुळ अर्धं हिरवं होतं, अर्धं निळं.

“अंधारात जवसाच्या तेलाचा रंग पिवळा पडतो,” ती म्हणाली. “निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं दिसतं. ऊन लागलं की पिवळं उतरतं. बाबा रंग जुळवण्याआधी फळीला ऊन द्यायचे.”

“आठ दिवस,” रुपराव पुटपुटले.

“म्हणून बाबांच्या हातात ज्या कुणी फळी पाहिली, त्याने निळीच पाहिली. हिरवी फक्त त्यालाच दिसली, ज्याने बाबा गेल्यावर ती पेटीतून काढली. मी, आणि आणखी एकजण.” ती वळली. “मनोहरराव, तुम्हाला बाबांनी फळी कधी दाखवली नव्हती. मग आतलं वर्तुळ हिरवं, हे तुम्हाला कसं कळलं?”

मनोहररावांनी पुस्तिकांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

“काका किंवा ताराचंदजी चोर असते, तर वहीबरोबर फळीही गेली असती. ती उन्हात खरं बोलते हे त्यांना माहीत होतं. तुम्हाला वाटलं, ती तुमच्याच बाजूची साक्षीदार आहे. म्हणून जपून पुन्हा गुंडाळून ठेवलीत.”

“बापरे,” ताराचंद म्हणाले.

मनोहररावांनी खण उघडला. वही वरच होती.

“पाचशे प्रती, ताई. त्यांच्यावर माझं नाव आहे.”

“डब्यावर बाबांचं आहे.”

बाहेर पडताच रुपरावांनी वही उघडली, बोट फिरवत माप वाचलं. “चाल वं, पोरी. पहिला हात आजच मारू.”

प्रदर्शनात निळ्या डब्याखाली जयवंताने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: ‘रंग मूळ फळीवरून. गोपाळराव.’

फळी मात्र तिने पुन्हा काळ्या कापडात बांधली नाही. हिरवी राहिलेली बाजू उन्हाकडे करून खिडकीत ठेवली.